नवरा आहे, पण अर्जात नाही

पिवळ्या बंगल्यातल्या काकूंची धाकटी घर घेतेय. एकटीच्या नावावर. धायरीत, वन बीएचके, जुनं पण लिफ्टवालं. एवढी बातमी सकाळी दुधाबरोबर आली आणि दुपारपर्यंत तिला हातपाय फुटले. नवऱ्याने पैसे दिले म्हणे. छे, वडिलांनी ठेवी मोडल्या म्हणे. नाही हो, ऑफिसातलं कुणीतरी आहे म्हणे. ही शेवटची आवृत्ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातून निघाली. तिथून नेहमी तसंच काहीतरी निघतं.

मुलीचं नाव सांगत नाही. गप्पांनाही थोडी इभ्रत असते. शिवाय सिंहगड रस्त्याच्या आतल्या आमच्या लेनमध्ये नावाची गरजच पडत नाही, बंगल्याचा रंग सांगितला की पुरतं.

खरी बातमी हवी असेल तर मात्र आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मधल्या भिंतीशी यावं लागतं. भिंत छातीइतकी. कढीलिंब वहिनींचा, पण निम्म्या फांद्या आमच्याकडे, त्यामुळे भाजीला फोडणी घालायची वेळ झाली की दोघींची गाठ पडतेच. वहिनी बँकेतून निवृत्त झाल्या आणि नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं त्या गृहकर्जाच्या टेबलावर होत्या. लग्न का मोडलं, यात त्यांना काडीचा रस नाही. मोडलं तेव्हा कर्ज किती शिल्लक होतं, ते सांगा.

"घटस्फोट झालाय की नुसती वेगळी राहतेय?" त्यांचा पहिला प्रश्न.

"वेगळी राहतेय. दोन वर्षं झाली. सहमतीचा अर्ज टाकलाय शिवाजीनगरला, फॅमिली कोर्टात."

"हुकूमनामा नाही ना हातात? मग बँकेच्या लेखी ती बाई विवाहित. सौभाग्यवती. कुंकू लाव म्हणावं."

हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं त्यावरून मला कळलं की आज फोडणी जळणार.

वहिनींचं म्हणणं असं. बँकेच्या अर्जावर चौकटी असतात: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. मधलं काही नाही. नवरा एका घरात, बायको दुसऱ्या घरात आणि कागद कोर्टाच्या कपाटात, अशा माणसाने खूण कुठे करायची? विवाहित म्हटलं की टेबलापलीकडचा पोरगा लगेच म्हणतो, "मग मिस्टरांना सहअर्जदार घेऊ ना मॅडम, एलिजिबिलिटी वाढेल." घटस्फोटित म्हटलं की हुकूमनामा दाखवा.

"गंमत बघ," मी म्हटलं, "लाडक्या बहिणीच्या अर्जात परित्यक्ता म्हणून वेगळी सोय आहे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, सगळ्या बसतात."

"तिथे महिन्याला पंधराशे द्यायचे असतात. इथे तीस लाख द्यायचेत. तीस लाख देताना माणूस नवरा शोधतो."

तर काकूंच्या लेकीला पहिल्या बँकेने हेच ऐकवलं. बँकेचं नाव घेत नाही, सगळ्यांचीच खाती आहेत तिथे. मॅनेजर सभ्य होता म्हणे. पाणी दिलं, पंखा वाढवला आणि सांगितलं, की एकतर हुकूमनामा आणा, नाहीतर नवऱ्याची सही आणा. मुलगी हुशार, तिने विचारलं की हा नियम कुठला, रिझर्व्ह बँकेचा? तर तो म्हणाला, नाही मॅडम, आमच्या बँकेचं धोरण आहे.

"बरोबर बोलला," वहिनी म्हणाल्या. "नवऱ्याशिवाय बायकोला कर्ज देऊ नये असा कायदा नाही. घराच्या मालकीत ज्याचं ज्याचं नाव, त्या सगळ्यांना बँका कर्जात ओढतात, तेवढं खरं. पण घर एकटीचं, पगार एकटीचा, तर अर्जदारही एकटीच चालते. तो पोरगा नवरा मागत होता तो स्वतःची मान सोडवायला. उद्या तो नवरा दारात येऊन म्हणाला, हे माझं घर, तर?"

"म्हणू शकतो?"

"आपल्याकडे नाही म्हणू शकत. लग्न झालं म्हणून घर दोघांचं, असा नियम आपल्या महाराष्ट्रात नाही. कागद ज्याच्या नावावर, घर त्याचं. याचा तोटा आजवर बायकांनीच सोसलाय. वीस-वीस वर्षं डबे केले, हप्त्याला हातभार लावला आणि निघताना कळलं की कागदावर आपण कुठेच नाही. आता एकीच्या बाजूने पडतोय तर पडू दे."

इथे मला माझ्या मावसबहिणीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवेना. ती मडगावची. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचा नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. प्राप्तिकराच्या कायद्यातसुद्धा गोवेकरांसाठी वेगळं कलम आहे, पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटून दाखवायचं. तर ही आमची बहीण नवऱ्यापासून वेगळी झाली, फोंड्याला फ्लॅट बघितला आणि वकिलाने विचारलं, कोर्टाकडून रीतसर वेगळेपण घेतलंय का? नाही? मग आज घेतलेल्या फ्लॅटमध्ये निम्मा वाटा नवऱ्याचा. तिने टोकन परत घेतलं.

"बघ," वहिनी म्हणाल्या. "तिकडे घर सोडणारीला निम्मं मिळतं आणि घर घेणारीचं निम्मं जातं. इकडे उलटं. कुठे जन्माला यावं हे आधी कळायला हवं होतं."

एवढ्यात पिवळ्या बंगल्याचं फाटक वाजलं आणि खुद्द काकूच आल्या. हातात वाटी, विरजण मागायला. विरजण हे निमित्त असतं हे तिघींना ठाऊक होतं.

"अहो, नवऱ्याच्या सहीचं मिटलं," काकू म्हणाल्या, "दुसऱ्या बँकेने ती मागितली नाही. प्रतिज्ञापत्र मागितलं, इतक्या तारखेपासून वेगळे राहतो, वगैरे. पाचशेच्या स्टँपवर. पूर्वी शंभरात काम व्हायचं."

"ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच," वहिनींनी नोंद केली.

"आणि कोर्टातल्या अर्जाची प्रत. ते दिलं. मग नावांचा घोळ. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पगाराच्या स्लिपवर तिसरंच, नुसतं आद्याक्षर. तेही निस्तरलं. आणि मग तो मेला सिबिल निघाला."

काकूंनी 'सिबिल' हा शब्द एखाद्या नालायक जावयाच्या नावासारखा उच्चारला. तसं बघायला गेलं तर प्रकरण जावयाचंच होतं.

झालं होतं असं. लग्नानंतर दोघांनी वाकडला फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर, कर्जही दोघांचं. हप्ता ३१ हजार. मुलगी घरातून निघाली तेव्हा तोंडी ठरलं, की फ्लॅट तुझा, हप्ता तू भर. तो राहतो तिथे, तोच भरतो. पोरीच्या डोक्यातून ते घर गेलं. बँकेच्या डोक्यातून कसं जाईल?

"तुमच्या जावयाचं आणि लेकीचं काय ठरलं याच्याशी बँकेचा संबंध नाही," वहिनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून म्हणाल्या. हे त्यांचं जुनं टेबल झालं होतं. "घटस्फोट झाला असता तरी नाही. कोर्टाने हुकुमात लिहिलं, की कर्ज नवऱ्याने फेडावं, तरीही नाही. बँक त्या खटल्यात पक्षकारच नव्हती. तिच्याकडे दोन सह्या आहेत, तिला दोघंही सारखेच देणेकरी. आणि पूर्ण रकमेचे. निम्म्या-निम्म्या नव्हे."

मग त्यांनी हिशेब मांडला. लेकीच्या हातात पगार सत्तर हजार. बँक साधारण निम्मा पगार हप्त्यांसाठी धरते, म्हणजे पस्तीस. त्यातून जुन्या घराचे एकतीस गेले. राहिले चार हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी चार हजारांच्या हप्त्यात कर्ज बसतं साडेचार लाखांच्या आसपास.

"धायरीत साडेचार लाखांत पार्किंग येईल," मी म्हटलं.

"झाकलेलं नाही येणार," वहिनी.

त्यात भर म्हणजे जावयाने मधे दोन हप्ते उशिरा भरले होते. नोकरी बदलली, खातं बदललं, पैसे नव्या खात्यात आणि हप्ता जुन्यातून. त्याच्या दृष्टीने विसरभोळेपणा. पण सामायिक कर्ज दोघांच्या अहवालात दिसतं, त्यामुळे उशीर त्याचा आणि गुण घसरले हिचे. पोरीने आयुष्यात क्रेडिट कार्डाचं बिल एक दिवस उशिरा भरलेलं नाही. तिला हे कळलं कुठे, तर दुसऱ्या बँकेच्या टेबलावर, परक्या माणसासमोर.

"वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून संपूर्ण अहवाल फुकट मिळतो," वहिनी म्हणाल्या. "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, २०१७ पासून. नवऱ्याचं घर सोडलं त्या आठवड्यात पहिला तो काढायचा. माहेरी फोन नंतर."

काकूंना हे बोलणं लागलं असावं. त्यांनी वाटी भिंतीवर ठेवली. "वहिनी, त्या आठवड्यात ती जेवत नव्हती हो. अहवाल कुठला काढते."

यावर कुणी काही बोललं नाही. मग वहिनींनीच विषय पुढे ढकलला, "मग काय केलं एकतीस हजारांचं?"

आता या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लेनमधली एकही आवृत्ती इथपर्यंत पोचलेली नाही.

काही बँका एक सवलत देतात. हप्ता वर्षभर दुसऱ्याच्याच खात्यातून जातोय असं बँकेच्या उताऱ्यावर दाखवलं, तर तो बोजा थोडाफार कमी धरतात. पण ती त्यांची मर्जी, आणि उशिराच्या दोन हप्त्यांमुळे इथे ती मर्जी होईना. उपाय एकच उरला, जुन्या कर्जातून नाव काढून घेणं. त्यासाठी जावयाने एकट्याच्या पगारावर ते कर्ज पेलायला हवं, बँकेने त्याची ऐपत नव्याने तपासायला हवी आणि हिने फ्लॅटमधला आपला हिस्सा सोडायला हवा. जावई सहा महिने 'बघतो' म्हणत होता.

हलवलं कुणी? तर त्याच्या आईने!

"विहीणबाईंनी?" मी जवळजवळ ओरडले.

"त्यांना कुणीतरी सांगितलं, की सुनेचं नाव फ्लॅटवर आहे तोवर ती कधीही येऊन राहू शकते. आणि पुढे त्या मुलाचं दुसरं जमवायचं म्हटलं, तर कागदावर पहिलीचं नाव बरं दिसेल का? लागल्या मागे. पंधरा दिवसांत पोराला बँकेत नेऊन उभं केलं."

वहिनी खुदकन हसल्या. एकीला कर्जातून सुटायचं होतं, दुसरीला सून घरातून पुसायची होती, आणि दोघींना एकच कागद हवा होता. सासू-सुनेचं इतकं एकमत लग्न टिकलं असतं तर झालं नसतं.

पण वहिनींचा खरा जीव होता तो क्रमात. "आधी काय केलं? हिस्सा सोडला की आधी कर्जातून नाव निघालं?"

काकूंना सांगता येईना.

"अहो, यातच सगळं आहे! कितीतरी बायका बघितल्यात मी. भावाच्या नाहीतर वकिलाच्या सांगण्यावरून हिस्सा सोडून मोकळ्या होतात आणि कर्जात नाव तसंच. म्हणजे घर गेलं आणि देणं राहिलं. आधी बँकेची लेखी संमती. गहाण फ्लॅटचा हिस्सा तिच्या परवानगीशिवाय हलत नाहीच. मग नोंदणी, आणि त्याच सुमाराला कर्जाचे नवे कागद त्याच्या एकट्याच्या नावावर. आणि शेवटी पत्र, की अमुक बाई आता या कर्जात नाहीत. ते पत्र लॅमिनेट करून ठेवायचं."

पत्र होतं. काकूंच्या फोनमध्ये फोटो होता. वहिनींनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणून तो दोनदा वाचला आणि मान हलवली. लेकीच्या लग्नात काकूंना इतकं हायसं वाटलं नसेल.

हिस्सा सोडला तो बक्षीसपत्राने. यातली गंमत मला माहीत नव्हती. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, शहरातला अधिभार काय तो वेगळा. पण ते नवरा-बायको असेपर्यंत. घटस्फोटाचा हुकूम हातात पडला की तो नवरा राहत नाही, परका माणूस होतो, आणि परक्याला हिस्सा द्यायचा तर बाजारभावाने शुल्क, लाखांत. म्हणजे जी बाई हुकूमनामा नाही म्हणून एका बँकेतून परत आली, तिचे लाखभर रुपये हुकूमनामा नव्हता म्हणूनच वाचले.

"पण फ्लॅट घेताना तुम्ही पाच लाख घातले होते ना?" मी काकूंना विचारलं. विचारायला नको होतं, पण भिंतीशी सगळं चालतं.

"सोडले. पैसे घेतले तर ते बक्षीस राहत नाही म्हणाल्या वकीलबाई. मोबदला झाला, मग शुल्क वाढलं, भांडण वाढलं. दागिने तेवढे परत आले. ते तिचेच होते."

वहिनींचं मत, स्वस्तात सुटली. माझं मत वेगळं आहे आणि ते मी तिथेच सांगितलं. पाच लाख म्हणजे काकांच्या निवृत्तीच्या पैशांतला लचका आहे. सहमतीच्या अटींमध्ये लिहून, कोर्टामार्फत, थोडं शुल्क भरून का होईना, ते मागायला हवे होते. वकीलबाईंना काय, त्यांना फाइल बंद करायची असते. वहिनी म्हणाल्या, तुझा घटस्फोट असता तर तू दहा वर्षं भांडली असतीस. असेन.

"आणि सहा महिने थांबली का नाही?" मी विचारलं. सहमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते सक्तीचे नाहीत, न्यायाधीशांना माफ करता येतात. थांबली असती तर बँकेची कटकट तरी वाचली असती.

काकूंनी उत्तर दिलं नाही, घरमालकाची गोष्ट सांगितली. मुलगी नातीला घेऊन वडगावला भाड्याने राहते. अठरा हजार भाडं. करार वाढवायच्या वेळी मालक म्हणाला, मॅडम, सोसायटीत विचारतात, मिस्टर कधी दिसत नाहीत. त्याआधीच्या मालकाने तर एकटी बाई म्हटल्यावर दारच लावलं होतं. नात दुसरीत आहे, शाळा चालत जायच्या अंतरावर, आणि दर अकरा महिन्यांनी आई नव्या माणसाला आपल्या नवऱ्याचा ठावठिकाणा सांगते. तिने हप्ता आणि भाडं यांचा हिशेब केलाच नव्हता. "हप्ता आठ हजारांनी जास्त आहे," काकू म्हणाल्या, "पण हप्ता घेणारा घरी येऊन विचारत नाही."

घर बेचाळीस लाखांचं. कर्ज तीसच घेतलंय, मुद्दाम. ऐपत चाळीसची निघत होती. वीस वर्षं, हप्ता २६ हजार आणि वर पस्तीस रुपये. वहिनींनी जागच्या जागी गुणाकार करून सांगितलं की एकूण साडेबासष्ट लाख भरेल. काकूंचा चेहरा पडला. वहिनी म्हणाल्या, दर रेपोशी जोडलेला आहे, वरखाली होईल, आणि हातात पैसे आले की मुद्दल हाणायचं, बदलत्या दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही. बँकेने गळ्यात मारलेला कर्जाचा विमा बघून घ्या, तो सक्तीचा नसतो.

मुद्रांक शुल्क वगैरे धरून बाकीचे पंधरा लाख कुठून? पीएफ, एक ठेव, उरलेले काकांचे. मुद्रांक शुल्क कर्जात बसत नाही, ते खिशातून. पुण्यात सात टक्के, पण खरेदीदार फक्त बाई असेल तर सहा. म्हणजे बेचाळीस हजार वाचले. ही सवलत एप्रिल २०२१ पासून आहे. सुरुवातीला तिला शेपूट होतं, की घेतलेलं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ते २०२३ मध्ये कापलं.

"म्हणूनच काकांचं नाव घातलं नाही?"

"एक ते," काकू म्हणाल्या. "दुसरं म्हणजे ते सहासष्ट वर्षांचे. त्यांना सहअर्जदार घेतलं तर बँक मुदत आखडते. आणि तिसरं..." त्यांनी आमच्या पलीकडे, स्वतःच्या बंगल्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावर मुलगा-सून राहतात. तिसरं काय ते आम्हाला कळलं. वडिलांचं नाव लागलं की वडिलांमागे भावाचा हिस्सा आला, आणि भावामागे भावजय. वहिनींनी विरजणाची वाटी उचलून आत नेली. हे त्यांचं सौजन्य.

परत येताना त्या दही आणि एक नवा मुद्दा घेऊन आल्या. "मृत्युपत्र केलंय का?"

"शुभ बोला हो वहिनी! अडतीस वर्षांची आहे ती."

"हुकूमनामा येईपर्यंत तो कायद्याने नवरा आहे. उद्या काही बरंवाईट झालं आणि कागद नसेल, तर हिंदू बाईच्या कमाईचे पहिले वारस कोण? मुलं आणि नवरा. म्हणजे धायरीचा निम्मा फ्लॅट वाकडला गेला. आणि मूल नसतं ना, तर सगळा नवऱ्याला, तो नसेल तर त्याच्या माणसांना. आईवडील त्यानंतर."

काकूंना खरं वाटेना. मलाही नाही. मग वहिनींनी २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी हाकललेली, माहेरच्यांनी शिकवलेली. नोकरी करून पैसा साठवला आणि मृत्युपत्र न करता गेली. सगळं गेलं नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. कोर्टाने म्हटलं, कायदा तसा आहे, सहानुभूतीवर निकाल देता येत नाही.

"साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. स्टँप नको, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही, बस. आम्ही दोघी येतो."

"आणि हे घर घेतलंय म्हणून त्या लोकांनी उद्या सहमती मोडली तर?" हा प्रश्न माझा. हुकूम होईपर्यंत सहमती मागे घेता येते, हे मला माझ्या बहिणीमुळे माहीत.

"मोडली तर पोटगीचा वाद. तिथे दोघांनी आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची, २०२० पासून सुप्रीम कोर्टाने ते बंधनकारकच केलंय. त्यांचा वकील म्हणेल, बाई घर घेते म्हणजे ऐपत आहे. हिने म्हणायचं, घर बँकेचं आहे, माझा आहे तो २६ हजारांचा हप्ता. लेकीचा खर्च मात्र बापाला चुकत नाही, आईने बंगला घेतला तरी."

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी एवढा वेळ ओट्यापाशी ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. त्यांचा नवरा कधीचा निघून गेलाय. ना कोर्ट, ना कागद. त्यांनी आवास योजनेत अर्ज केला होता. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, आणि त्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नको. नवऱ्याचं गावाकडे स्लॅबचं घर निघालं. तिथे त्याची दुसरी बायको राहते. मावशी त्या घरात कधी पाऊल टाकणार नाहीत, पण सरकारी कागदावर ते त्यांचं.

"मला कोण देतंय वो तीस लाख," मावशी म्हणाल्या, "पर त्यो मानूस माझ्या अर्जातून काढायला काय लागतं, तेवढं सांगा."

वहिनींनी पहिल्यांदाच लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाल्या, "संध्याकाळी या. आधार, रेशनकार्ड, असतील नसतील ते कागद आणा. विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील फुकट मिळतो. जाऊ दोघी." मावशी आत गेल्या. वहिनी असं म्हणतात तेव्हा जातात, हे मी बघितलंय.

काकूंना आता खरं तर जायचं होतं, पण पाय निघत नव्हता. मुख्य गोष्ट अजून राहिली होती. नोंदणी झाली, दुय्यम निबंधकाकडे अंगठा आणि फोटो झाला, किल्ली पुढच्या महिन्यात. वास्तुशांत करायची म्हणून काकूंनी गुरुजींना फोन केला. गुरुजी म्हणाले, यजमान कोण? लेक, असं सांगितल्यावर म्हणाले, सपत्नीक लागतं हो. नवरा वेगळा राहतो? मग एकतर हुकूम होईपर्यंत थांबा, नाहीतर तुम्ही दोघं आई-वडील बसा. लेक भडकली. हप्ता मी भरणार आणि पाटावर तुम्ही बसणार?

"काय सांगू गुरुजींना?" काकूंनी विचारलं.

"सँक्शन लेटर पाठवा त्यांना," वहिनी म्हणाल्या. "यजमान कोण ते पहिल्याच ओळीत लिहिलंय."

मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी तिथेच भिंतीला टेकून लेकीला फोन लावला आणि विचारलं, "अगं, ते बँकेचं पत्र व्हॉट्सॲपवर जाण्यासारखं आहे का?"